डुकरापासून फांसापर्यंत

सामाईक भिंत, पन्हाळीचें पाणी, अंगणांत वाकलेली फांदी. शेजाऱ्यांच्या भांडणाचें मूळ बहुधा इतकें क्षुल्लक असतें. अशीं भांडणें घरोघर होतात व बहुतेक आपोआप विरतातहि. मग एखादेंच भांडण माणसांचे बळी कां घेतें? याचें उत्तर अमेरिकेंतील एका गाजलेल्या वैराच्या हकीकतींत सांपडतें.

केंटकी व वेस्ट व्हर्जिनिया या दोन संस्थानांच्या सीमेवरून टग फोर्क नांवाची लहानशी नदी वाहते. तिच्या कांठच्या डोंगराळ मुलुखांत हॅटफील्ड व मॅकॉय हीं दोन घराणीं राहत असत. अंतर्युद्ध संपत आलें असतां, १८६५ सालीं, एका मॅकॉयचा खून झाला. संशय हॅटफील्डांच्या बाजूच्या लोकांवर होता. परंतु कोणासहि शिक्षा झाली नाहीं. तरीहि दोन्ही घराण्यांत सोयरिकी होत राहिल्या.

मग १८७८ सालीं एक डुक्कर आडवें आलें. त्या मुलुखांत डुकरें रानांत मोकळीं चरत, आणि ओळख पटावी म्हणून मालक त्यांच्या कानांना खांचा पाडीत. फ्लॉईड हॅटफील्डकडील एक डुक्कर आपलेंच आहे, असा दावा रँडॉल्फ मॅकॉयनें केला. न्याय देणारा गृहस्थ स्वतः हॅटफील्ड होता. पक्षपात दिसूं नये म्हणून सहा हॅटफील्ड व सहा मॅकॉय असे बारा पंच बसविले. एका मॅकॉय पंचानें फ्लॉईडच्या बाजूनें मत दिलें आणि डुक्कर फ्लॉईडकडेच राहिलें.

संख्येची ही समता वरवर न्याय्य दिसते; परंतु त्या बारांत तिऱ्हाईत असा एकहि नव्हता. त्यामुळें निकाल हा निकाल न ठरतां एका घराण्याचा जय ठरला. दोनच वर्षांनीं, हॅटफील्डांच्या बाजूनें साक्ष देणाऱ्या इसमास दोघां मॅकॉय बंधूंनीं ठार केलें.

१८८२ च्या ऑगस्टांत, निवडणुकीच्या दिवशीं, बाचाबाची होऊन रँडॉल्फच्या तिघां मुलांनीं एलिसन हॅटफील्डला भोसकलें. शिपाई त्या तिघांना घेऊन जात असतां हॅटफील्डांनीं त्यांना हिसकावून घेतलें, आणि एलिसन मरण पावतांच झुडपांना बांधून गोळ्या घातल्या. केंटकीच्या न्यायालयानें आरोप ठेवले. पण आरोपी नदीपलीकडच्या संस्थानांत निर्धास्त राहिले. १८८८ च्या पहिल्याच रात्रीं रँडॉल्फचें घर पेटविण्यांत आलें. त्याचा एक मुलगा व एक मुलगी मारलीं गेलीं.

केंटकीच्या माणसांनीं नदी ओलांडून कांहीं आरोपींना धरून नेलें, तेव्हां खुद्द दोन संस्थानांतच तंटा लागला व तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर १८९० सालीं एकाला फांशी झाली, इतर कित्येकांना जन्मठेप. दोन्ही घराण्यांच्या वंशजांनीं समेटाच्या कागदावर सह्या केल्या, त्या २००३ सालीं !

हे बळी डुकरानें घेतले नाहींत. दोघांनाहि मान्य होईल असा तिसरा माणूस त्या खोऱ्यांत उरला नव्हता, त्यानें ते घेतले. प्रत्येक वेळीं कायदा लंगडा पडला, आणि प्रत्येक वेळीं कोणीतरी स्वतःच न्यायाधीश झाला. म्हणून शेजाऱ्याशीं वाद झालाच, तर आपला पक्ष किती खरा आहे याचा विचार मागाहून करावा. ज्याचा शब्द दोघेहि मानतील असा माणूस आधीं शोधावा, आणि तो बोलणें चालूं आहे तोंवरच शोधावा. अबोला धरल्यावर तसा माणूस मिळणें कठीण असतें.