गुरूची बायको कोण? लघुग्रहांना अर्थ कुठून मिळतो

आजचा विषय खरं तर ठरलेला नव्हता. मागच्या व्याख्यानानंतर एक ताई थांबल्या होत्या. मुलीच्या लग्नाचं बघताहेत. मुलगी डोंबिवलीची, मुलगा ठाण्याचा, गुण जुळले, मंगळ नाही, सगळं बरं चाललेलं. मग मुलाकडच्या कोणीतरी मोबाईलवर पत्रिका काढली आणि निरोप आला: मुलीच्या आठव्या घरात जुनो आहे, जरा विचार करून कळवतो. ताईंचा प्रश्न एवढाच होता, "हा जुनो कोण? आमच्या गुरुजींनाही माहीत नाही."

तर पहिली दुरुस्ती. जुनो 'हा' नव्हे, 'ही'. रोमन देवी, ज्युपिटरची पत्नी. ज्युपिटर म्हणजे आपण ज्याला गुरू म्हणतो तोच ग्रह. आणि पत्रिकेत जी जुनो दाखवतात ती मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधल्या पट्ट्यातला एक लघुग्रह. त्या दगडाला लग्नाचा कारक कोणी केलं, कधी केलं, हे आपल्याला तारीखवार माहीत आहे. शनी-मंगळाच्या बाबतीत ही सोय नाही. त्यांचे अर्थ कधी चिकटले ते फार जुन्या काळात हरवलंय. म्हणून आम्हाला लघुग्रह महत्त्वाचे वाटतात: अर्थ कसा घडतो ते इथे उघड्यावर दिसतं.

१ जानेवारी १८०१ च्या रात्री सिसिली बेटावर, पालेर्मोच्या वेधशाळेत, जुझेप्पे पियाझ्झी या धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाला एक सरकणारी चांदणी दिसली. त्यांनी नाव ठेवलं सीरिस फर्डिनांडिया. सीरिस ही धान्याची देवी, सिसिलीची रक्षणकर्ती. फर्डिनांड हा तिथला राजा. राजाचं नाव बाकीच्या युरोपला रुचलं नाही, ते गळून पडलं. आता गंमत बघा. बर्लिनच्या बोडे यांनी याच गोलाला 'जुनो' म्हणावं असं सुचवलं होतं. पियाझ्झींनी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर आज जिला आई, अन्न, संगोपन यांची कारक म्हणतात, तीच लग्नाची कारक झाली असती. दगड तोच, कक्षा तीच.

पुढे १८०२ मध्ये ओल्बर्स यांना पॅलास सापडली, १८०४ मध्ये हार्डिंग यांना जुनो, १८०७ मध्ये पुन्हा ओल्बर्सना वेस्टा. वेस्टाचं नाव ठेवण्याचा मान त्यांनी गणितज्ञ गाउस यांना दिला. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत, वेस्टाच्या बारशाला आत्या कोण, तर गाउस!

ज्योतिषात या चौघींना जागा मिळायला मात्र १९७३ साल उजाडलं. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या एलिनॉर बाख यांनी चौघींची स्थिती देणारी एफेमेरिस प्रसिद्ध केली. अमेरिकेत तेव्हा स्त्रीमुक्तीची चळवळ जोरात होती आणि पाश्चात्य पत्रिकेत चंद्र आणि शुक्र सोडले तर सगळी पुरुषमंडळी. चार देवी आयत्या मिळाल्या. १९८६ मध्ये डिमेट्रा जॉर्ज यांचं 'ॲस्टरॉइड गॉडेसेस' हे पुस्तक आलं आणि हे अर्थ पक्के झाले. (डिमेटर हे सीरिसचंच ग्रीक नाव, हा योगायोगही छान आहे.)

अर्थ काढायची रीत सोपी होती. कथा समोर ठेवायची आणि कथेतून कारकत्व काढायचं. पॅलास बापाच्या डोक्यातून जन्मली, म्हणून बुद्धी आणि डावपेच. वेस्टा चुलीची देवी. तिचा अग्नी सांभाळणाऱ्या कन्या तीस वर्षं अविवाहित राहायच्या, म्हणून एकाग्रता, व्रतस्थपणा. जुनोचा नवरा सतत बाहेर भानगडी करणारा आणि ती संसार न सोडणारी, म्हणून विवाह, निष्ठा, आणि सोबत मत्सर.

सीरिसची कथा जरा सविस्तर सांगू. तिची मुलगी प्रॉसर्पिना. प्लूटो तिला पाताळात पळवून नेतो. आई पिकं थांबवते, पृथ्वीवर उपासमार होते, शेवटी तडजोड: वर्षातला काही काळ मुलगी पाताळात, उरलेला आईकडे. लेक सासरी गेल्यावर रिकामं झालेलं घर ज्या आईने बघितलंय तिला ही कथा समजावून सांगायला नको. म्हणून सीरिसच्या अर्थात अन्नाच्या जोडीला आई-मुलाची ताटातूट येते.

आता समजा हा गोल पालेर्मोऐवजी उज्जैनला सापडला असता आणि नाव पडलं असतं अन्नपूर्णा. अन्न आलं असतं, पळी आली असती, भिक्षा मागणारा शंकर आला असता. पण ताटातूट आली नसती, कारण अन्नपूर्णेला तशी लेकच नाही. आणि जुनो? 'गुरूची बायको' असं नाव द्यायचं तर आपल्याकडे ती तारा. आपला गुरू म्हणजे बृहस्पती. त्याच्या पत्नीला, तारेला, चंद्राने नेलं आणि त्यातून बुध जन्मला. रोममधली गुरुपत्नी निष्ठावान, नवरा बाहेरख्याली. आपल्याकडच्या कथेत पेच पत्नीभोवतीच. त्याच दगडाचं नाव 'तारा' असतं तर आठव्या घराचं फळ काय सांगितलं असतं, विचार करा.

कोणी म्हणेल, मग आपले नवग्रह तरी वेगळे कुठे आहेत? बरोबर आहे. लाल मंगळ बघून रोमन माणसाला युद्ध आठवलं. आपल्या पुराणांत मंगळ भूमिपुत्र, म्हणून तो जमिनीचा कारक, आणि घोडबंदर रोडला फ्लॅट घेताना लोक मंगळ बघतात. शुक्र त्यांच्याकडे सुंदर स्त्री, आपल्याकडे असुरांचा एकाक्ष आचार्य. कथा बदलली की फळ बदलतं, हे जुनंच आहे. लघुग्रहांत फक्त ते लपत नाही.

मराठीत तर याहून मजेदार प्रकार झालाय. १७८१ मध्ये सापडलेल्या ग्रहाला जग युरेनस म्हणतं, आकाशदेवाचं नाव. आपण म्हणतो हर्षल, शोधकाचं नाव. कथा मागेच राहिली, पण 'हर्षल म्हणजे अचानक उलथापालथ, विक्षिप्तपणा' हा इंग्रजी पुस्तकांतला अर्थ तेवढा आपल्या पत्रिकेत येऊन बसला. जुनोचं आज तेच होतंय. ताईंच्या घरी जुनोची कथा कोणाला माहीत नव्हती. भीती मात्र पोचली.

आता ज्या मुद्द्यावर हे सगळं अडतं तो मुद्दा. चौघींनंतर लघुग्रह सापडतच गेले. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली; त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ५ मे रोजी, जर्मनीत रॉबर्ट लूथर यांना २६ क्रमांकाचा लघुग्रह सापडला. त्याचं नाव प्रॉसर्पिना. आई मिळाल्यावर ५२ वर्षांनी लेक मिळाली! ज्या वर्षी कल्याणचं सार्वजनिक वाचनालय निघालं, त्या १८६४ मध्ये मद्रासच्या वेधशाळेतून पॉगसन यांना ८० क्रमांकाचा सापडला. त्याचं नाव सॅफो, म्हणजे देवी नव्हे, कवयित्री. देवी अपुऱ्या पडायला लागल्या होत्या. मग रोमन नावांच्या ग्रीक जोडीदारणीही वापरल्या गेल्या. जुनोचं ग्रीक नाव हेरा. १०३ क्रमांकाचा लघुग्रह हेरा आहे. पॅलास म्हणजे अथीना, तिचं रोमन नाव मिनर्व्हा, ती ९३ वी. वेस्टाची हेस्टिया ४६ वी. सीरिसची डिमेटर १९२९ मध्ये सापडली, क्रमांक ११०८.

म्हणजे एकच देवी आकाशात दोन ठिकाणी, दोन वेगळ्या कक्षांत. कथेतूनच फळ येत असेल तर लग्नासाठी जुनो बघायची की हेरा? एक आठव्या घरात आणि दुसरी पाचव्यात असली तर? हा प्रश्न आम्ही सभेत नेहमी विचारतो. समाधानकारक उत्तर अजून मिळालेलं नाही.

आज क्रमांक मिळालेले लघुग्रह सात लाखांच्या पुढे आहेत. २०१९ मध्ये एकाला पंडित जसराज यांचं नाव मिळालं, क्रमांक ३००१२८. पंडितजींची जन्मतारीख २८-०१-३०, तीच उलटी. त्याचं कारकत्व काय लावायचं? सप्तमात असला तर जोडीदार मेवाती घराण्याचा?

ताई आज मागच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्या परवानगीने सांगतो: त्यांनी मुलाकडे उलट विचारलंय, की मुलीची हेरा कुठे आहे तेही बघून कळवा. उत्तर यायचंय.

कार्यक्रम संपल्यावर काही जण विचारतात, हे दिसतात का? वेस्टा कधीकधी पुरेशी तेजस्वी होते, अगदी काळोख्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनीही सापडते, पण डोंबिवलीच्या दिव्यांतून नाही. निदान वांगणीपर्यंत जावं लागतं. जुनो त्याहून मंद. तिच्यासाठी दुर्बीण आणि तारकानकाशा दोन्ही सोबत ठेवा.