ट्रकच्या डिझेल इंजिनासाठी संश्लेषित आणि खनिज वंगणतेल

ट्रकच्या डिझेल इंजिनात वापरले जाणारे वंगणतेल मुख्यतः दोन प्रकारचे असते. कच्च्या खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळणाऱ्या तेलाला पारंपरिक किंवा खनिज वंगणतेल म्हणतात, तर रासायनिक प्रक्रियेने रेणूंची रचना घडवून तयार केलेल्या तेलाला संश्लेषित वंगणतेल म्हणतात. बाजारात हे दुसरे तेल सिंथेटिक ऑइल या नावाने विकले जाते. दोहोंच्या मिश्रणाला अर्धसंश्लेषित किंवा सेमी-सिंथेटिक अशी संज्ञा आहे. या दोहोंतील निवड बहुधा ‘स्वस्त की चांगले’ अशा स्वरूपात मांडली जाते. प्रत्यक्षात इंजिनाचे रक्षण प्रथम तेलाचे कार्यमानक इंजिनास अनुरूप असण्यावर आणि ते वेळेवर बदलण्यावर अवलंबून असते. मूळ तेल संश्लेषित आहे की खनिज, हा त्यानंतरचा प्रश्न होय. त्याचे उत्तर हवामान, ट्रकचे काम आणि तेल किती किलोमीटरनंतर बदलले जाते यांनुसार वेगवेगळे येते.

तेलाची घडण

डब्यातील तेलाचा मोठा भाग, ढोबळमानाने तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक, मूळ तेलाचा असतो. उरलेल्या भागात विविध पूरक रसायने असतात. कॅल्शियम व मॅग्नेशियमची प्रक्षालक संयुगे दट्ट्यावर साठणारे थर धुऊन काढतात, जस्त व फॉस्फरसयुक्त संयुगे धातूची झीज रोखतात, तर काही बहुवारिके तापमान वाढले तरी तेल फार पातळ होऊ देत नाहीत. डिझेल इंजिनात ज्वलनामुळे काजळी निर्माण होते आणि तिचा काही अंश तेलात उतरतो. तिचे कण एकत्र येऊन गोळे होऊ नयेत म्हणून विकिरक रसायने त्यांना सुटे व तरंगते ठेवतात. नवे तेल घातल्यावर थोड्याच दिवसांत ते काळे दिसू लागते, याचे कारण हेच. काळेपणा हे तेल आपले काम करीत असल्याचे लक्षण असू शकते. केवळ रंगावरून तेल ‘गेले’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

इंधनातील गंधक जळून आम्ले तयार होतात. त्यांचे उदासिनीकरण करण्याची तेलाची क्षमता ‘बेस नंबर’ या मापाने सांगतात. वापराबरोबर हा आकडा घटत जातो. ही क्षमता मुख्यतः प्रक्षालकांमधून येते, मूळ तेलातून नव्हे. त्यामुळे संश्लेषित तेलाचा बेस नंबर खनिज तेलाहून अधिक असतोच असे नाही.

‘संश्लेषित’ या शब्दाचा अर्थ

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट (एपीआय) या संस्थेने मूळ तेलांचे पाच गट केले आहेत. पहिल्या गटातील तेलांत संतृप्त हायड्रोकार्बनांचे प्रमाण ९० टक्क्यांहून कमी किंवा गंधक ०.०३ टक्क्याहून अधिक असते. दुसऱ्या गटातील तेले हायड्रोजन-प्रक्रियेने अधिक शुद्ध केलेली असतात. तिसऱ्या गटात ही प्रक्रिया इतकी तीव्र असते की रेणूंची रचनाच बदलते आणि श्यानता निर्देशांक १२० किंवा त्याहून वर जातो. चौथा गट पॉलिअल्फाओलेफिन या तेलांचा आहे. ती कच्चे तेल गाळून मिळत नाहीत, तर डिसीनसारखे लहान रेणू जोडून बनवली जातात. एस्टर आणि वरील चारांत न बसणारी इतर सर्व तेले पाचव्या गटात मोडतात.

चौथ्या व पाचव्या गटातील तेलांना संश्लेषित म्हणण्याविषयी वाद नाही. वाद तिसऱ्या गटाविषयी झाला. १९९० च्या दशकात अमेरिकेत कॅस्ट्रॉलने आपल्या सिंटेक या संश्लेषित म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलात तिसऱ्या गटातील मूळ तेल वापरण्यास सुरुवात केली. मोबिलने त्यास आक्षेप घेतला. जाहिरातींतील दाव्यांची छाननी करणाऱ्या नॅशनल ॲडव्हर्टायझिंग डिव्हिजनने १९९९ मध्ये कॅस्ट्रॉलच्या बाजूने निर्णय दिला. तेव्हापासून तिसऱ्या गटातील तेलांवरही ‘सिंथेटिक’ हा शब्द छापण्याची प्रथा अनेक देशांत रूढ झाली. जर्मनीत मात्र ‘पूर्ण संश्लेषित’ या शब्दाचा अर्थ पुष्कळ संकुचित राहिला. परिणामी, एकच शब्द मिरवणाऱ्या दोन डब्यांत अगदी भिन्न मूळ तेले असू शकतात. दुसऱ्या बाजूने खनिज तेलही पूर्वीचे राहिलेले नाही. आजची दुसऱ्या गटावर आधारलेली डिझेल इंजिन तेले पहिल्या गटातील जुन्या तेलांपेक्षा ऑक्सिडीभवनाला पुष्कळ अधिक टिकतात. दोन्ही बाजूंनी हे अंतर कमी झाले आहे. जाहिराती मात्र जुन्याच अंतरावर बेतलेल्या असतात.

श्यानता आणि तापमान

तेलाच्या वाहण्यास होणाऱ्या अंतर्गत विरोधाला श्यानता म्हणतात. गॅरेजच्या बोलीत तिलाच तेलाची ‘जाडी’ म्हणतात. भारतातील ट्रकांत प्रचलित असलेली श्रेणी १५डब्ल्यू-४० ही आहे. यातील डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्यासाठी असलेल्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. एसएई जे३०० या मानकानुसार १५डब्ल्यू तेलाने उणे २० अंश सेल्सिअसला इंजिन फिरू देण्याची आणि उणे २५ अंशांना पंपातून वाहण्याची कसोटी उतरावी लागते. ५डब्ल्यू तेलासाठी हीच तापमाने उणे ३० आणि उणे ३५ अंश आहेत. दुसरा आकडा, म्हणजे ४०, तापलेल्या इंजिनातील श्यानता दर्शवतो. १०० अंशांना ती १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या मर्यादेत असावी लागते.

यावरून असे दिसते की, खनिज १५डब्ल्यू-४० आणि संश्लेषित ५डब्ल्यू-४० ही तेले धावत्या, तापलेल्या इंजिनात एकाच पट्ट्यात मोडतात. त्यांतील ठळक फरक थंड इंजिन सुरू करताना दिसतो. विदर्भातील ट्रक हिवाळ्यातही १५डब्ल्यूच्या मर्यादेपासून दूरच असतो. लडाखमध्ये, विशेषतः द्रास परिसरात, पारा उणे २० च्या खाली उतरतो आणि तेथे ५डब्ल्यू श्रेणीचा लाभ प्रत्यक्ष जाणवतो. ५डब्ल्यू-४० हे तेल व्यवहारतः संश्लेषित किंवा अर्धसंश्लेषितच असते, कारण मेणाचा अंश असलेल्या साध्या खनिज तेलापासून ते साधणे कठीण आहे. अतिथंडीत संश्लेषित तेलालाही मर्यादा आहेत. अलास्कातील प्रॉस्पेक्ट क्रीक येथे २३ जानेवारी १९७१ रोजी सुमारे उणे ६२ अंश तापमान नोंदले गेले. त्याच भागातून प्रुडो बेच्या तेलक्षेत्राकडे जाणाऱ्या डाल्टन महामार्गावरील ट्रकांना कोणतेही तेल घातले, तरी इंजिन गरम ठेवणारी उपकरणे लागतातच.

उष्णतेच्या बाबतीत ‘आमच्याकडे उन्हाळा कडक, म्हणून सिंथेटिक हवे’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. नागपुरात हवा ४५ अंशांवर गेली तरी इंजिनातील तेल मुळातच १०० अंशांच्या आसपास असते; त्यावर हवेपेक्षा भाराचा परिणाम अधिक होतो. भरलेला ट्रक बोरघाट चढत असताना टर्बोचार्जरच्या बेअरिंगजवळ तेल याहून कितीतरी अधिक तापते. अशा ठिकाणी संश्लेषित तेल कमी करपते व कमी उडून जाते, हा त्याचा खरा गुण आहे. घाट संपताच इंजिन एकदम बंद करण्याची सवय मात्र कोणत्याही तेलाने भरून निघत नाही. थोडा वेळ इंजिन मंद चालू ठेवल्यास टर्बोचार्जरला निवण्यास अवधी मिळतो.

कार्यमानके

डब्यावरील सर्वांत महत्त्वाची नोंद एपीआयच्या वर्गाची असते. सीआय-४ हा वर्ग २००२ मध्ये, सीजे-४ हा २००६ मध्ये, तर सीके-४ व एफए-४ हे वर्ग डिसेंबर २०१६ मध्ये आले. सीजे-४ पासून तेल जळाल्यावर उरणाऱ्या राखेवर १ टक्क्याची मर्यादा घालण्यात आली. तिचे कारण निकास नळीतील काजळी गाळणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ. या गाळणीत साठलेली काजळी ठरावीक काळाने जाळून टाकता येते. तेलातील धातूंपासून झालेली राख मात्र जळत नाही व गाळणी हळूहळू तुंबते.

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही उत्सर्जन मानके देशभर लागू झाली आणि डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली. जुन्या ट्रकात वर्षानुवर्षे वापरलेले सीआय-४ तेलच नव्या बीएस-६ ट्रकात ओतल्यास डीपीएफचे आयुष्य घटण्याचा धोका असतो. ते तेल संश्लेषित व महाग असले तरीही हा धोका टळत नाही. याउलट सीके-४ वर्गाचे साधे खनिज तेल तेथे योग्य ठरू शकते.

एफए-४ विषयी अधिक सावधगिरी लागते. उच्च तापमान व मोठा कर्तनवेग असताना सीके-४ तेलाची श्यानता किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद असावी लागते, तर एफए-४ साठी ती २.९ ते ३.२ इतकीच ठेवली आहे. इंधन वाचवण्यासाठी तेल मुद्दाम पातळ ठेवले जाते. अशा तेलासाठी न घडवलेल्या इंजिनात ते वापरल्यास बेअरिंगवरील तेलाचा थर अपुरा पडू शकतो. ‘नवा वर्ग म्हणजे अधिक चांगले तेल’ ही समजूत येथे महागात पडते. याखेरीज कमिन्स, व्होल्वो, डाइम्लर इत्यादी निर्मात्यांची स्वतःची मानके असतात. हमीच्या काळात वाहनाच्या पुस्तिकेत दिलेले मानकच अंतिम मानले जाते.

खर्चाचा हिशेब

मोठ्या ट्रकच्या इंजिनात ३० ते ४० लिटर तेल मावू शकते, त्यामुळे लिटरमागील फरकही मोठा होतो. उदाहरणादाखल, इंजिनात ३५ लिटर तेल मावते आणि संश्लेषित तेल लिटरला २५० रुपयांनी महाग आहे असे धरल्यास प्रत्येक बदलामागे ८,७५० रुपये अधिक लागतील. तेल पूर्वीच्याच अंतराने बदलले, तर हा खर्च बहुतांशी वाया जातो. तो भरून येण्याचे मार्ग दोनच आहेत.

पहिला मार्ग बदलातील अंतर वाढवण्याचा. त्यामुळे तेलाबरोबरच गाळणी, मजुरी आणि ट्रक उभा राहिल्याने बुडणारे भाडे वाचते. तथापि संश्लेषित मूळ तेल ऑक्सिडीभवनाला टिकते, म्हणून काजळी, धूळ, पाणी आणि तेलात उतरणारे डिझेल कमी होत नाही. दगडखाणीत फिरणाऱ्या टिपरच्या किंवा तासन्‌तास उभ्याने इंजिन चालू ठेवणाऱ्या ट्रकच्या तेलाचे आयुष्य या मळावरच ठरते. तेथे अंतर वाढवणे धोक्याचे असते. महामार्गावर सलग धावणाऱ्या ट्रकसाठी ते शक्य असते, पण निर्मात्याची परवानगी आणि प्रयोगशाळेतील तेलाची तपासणी यांच्या आधारेच. या तपासणीत लोह व तांबे यांवरून झीज, सिलिकॉनवरून हवेच्या गाळणीतून शिरलेली धूळ आणि बेस नंबरवरून तेलाची उरलेली क्षमता कळते. एक-दोन ट्रक बाळगणाऱ्या मालकाकडे अशी सोय नसेल, तर पुस्तिकेतील अंतर पाळून योग्य वर्गाचे खनिज तेल वापरणे हा त्याच्यासाठी अधिक शहाणपणाचा व्यवहार ठरतो.

दुसरा मार्ग इंधनबचतीचा. वर्षाला १ लाख किलोमीटर धावणारा आणि लिटरला ४ किलोमीटर देणारा ट्रक २५,००० लिटर डिझेल जाळतो. त्यात १ टक्का बचत झाली तरी ती २५० लिटरची होते. डिझेल लिटरला ९० रुपये धरल्यास ही रक्कम २२,५०० रुपये भरते. मात्र ही बचत तेलाच्या पातळपणामुळे होते, संश्लेषणामुळे नव्हे. संश्लेषित १५डब्ल्यू-४० वापरून तिची फारशी अपेक्षा करता येत नाही. ती १०डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-३० कडे वळल्याने मिळते आणि निर्मात्याने ती श्रेणी मान्य केली असेल तरच तिकडे वळता येते.

तेल बदलण्याविषयीच्या समजुती

एकदा संश्लेषित तेल वापरल्यावर पुन्हा खनिज तेलाकडे येता येत नाही, ही समजूत निराधार आहे. एकाच वर्गाची व श्रेणीची दोन्ही तेले एकमेकांत मिसळतात आणि प्रवासात तेल कमी पडल्यास ती मिसळल्याने अपाय होत नाही. फक्त महाग तेलाचा लाभ तेवढा कमी होतो. संश्लेषित तेलामुळे गळती सुरू होते, या तक्रारीला मात्र काही आधार होता. पॉलिअल्फाओलेफिनमुळे रबरी सील किंचित आकसतात. हा परिणाम भरून काढण्यासाठी आता त्यात एस्टर मिसळले जातात. जुन्या इंजिनात साठलेला गाळ नव्या तेलाने धुतला जाऊन आधीपासूनच झिजलेले सील उघडे पडतात, हेही गळतीचे एक कारण असते.

बनावट तेलाचा धोका मात्र दोन्ही प्रकारांना सारखाच असून महाग तेलाच्या रिकाम्या डब्यांना त्यासाठी अधिक मागणी असते. म्हणून डबे भंगारात देण्यापूर्वी त्यांना भोक पाडण्याचा सल्ला दिला जातो. काढलेले तेल संश्लेषित असो वा खनिज, भारतात २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते. ते जमिनीवर किंवा गटारात न टाकता अधिकृत पुनर्शुद्धीकरण केंद्राकडे जाईल अशा रीतीने द्यावे लागते.