पुराभिलेखपाल
जुन्या कागदपत्रांचे जतन, वर्गीकरण व सूचीकरण करणारा व्यावसायिक. इतिहासाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास अध्यापन, संग्रहालये, प्रशासकीय सेवा इ. क्षेत्रे खुली असली, तरी त्याच्या विषयास सर्वांत निकट असा हाच व्यवसाय होय. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३०–३४ मध्ये त्यांतील निवडक कागद ४५ भागांत संपादित केले. उर्वरित बव्हंशी अप्रकाशित आहेत. मोडी न येणाऱ्या पदवीधरास हे दप्तर जवळजवळ बंदच असते. शिवाय मराठी कागदांतील सुहूर सन अरबी संख्यावाचक शब्दांत असतो. मृग नक्षत्रापासून सुरू होणाऱ्या या सनात ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. येथे चूक झाल्यास कागद वर्षभर मागेपुढे सरकतो.