आठ वाट्यांचे गणित

मुसलमानांच्या घरी लेकीला वाटा नसतो, असा एक समज आमच्या मराठी कुटुंबांत अनेकदा आढळतो. पिढ्यान् पिढ्या भिंतीला भिंत लावून राहिलेल्या शेजाऱ्यांचे वारसानियम आपणांस किती थोडे ठाऊक असतात! वस्तुस्थिती उलट आहे. हिंदू कन्येस वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत भावाबरोबरीचा वारसा १९५६ साली लाभला. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील जन्मसिद्ध हक्क कर्नाटकात १९९४ साली आणि सर्व देशात २००५ साली मिळाला. मुस्लिम कन्येचा वाटा मात्र कुराणाच्या चौथ्या अध्यायात सातव्या शतकातच ठरून गेला. तो भावाच्या निम्मा आहे, हे खरे. परंतु मृत्युपत्र करून बापालाही तो पुसून टाकता येत नाही.

आपल्याकडील बहुसंख्य मुस्लिम कुटुंबे सुन्नी-हनफी परंपरेची असल्याने तिचेच नियम येथे सांगतो. या कायद्यात वडिलार्जित व स्वकष्टार्जित असा भेद नाही, आणि जन्मतः कोणाचाच हक्क नाही. मालक हयात असेतो सर्व त्याचे. तो निवर्तला की आधी दफनाचा खर्च, मग कर्जे. पत्नीचा मेहेर द्यावयाचा राहिला असेल तर तेही कर्जच. नंतर, मृत्युपत्र असल्यास, उरलेल्याच्या तृतीयांशापर्यंत त्याची अंमलबजावणी. त्यापुढे जे उरेल ते वारसांचे.

समजा, मागे पत्नी, तीन मुलगे व एक मुलगी आहेत आणि वाटणीस आठ लाख उरले. पत्नीस अष्टमांश, म्हणजे एक लाख. उरलेल्या सातांत मुलग्यास दोन, तर मुलीस एक या प्रमाणाने तिघा भावांना दोन-दोन लाख व बहिणीस एक लाख. हिशेब चोख बसला! पण मृताची आई हयात असेल तर तिचा षष्ठांश आधी निघतो आणि छेद एकदम १६८ वर जातो. नवव्या शतकातील अल्-ख्वारिज्मी याच्या बीजगणिताच्या ग्रंथात अशा वाटण्यांची उदाहरणे पानेच्या पाने भरून आहेत, याचे आम्हां शिक्षकांना नवल वाटू नये. अपूर्णांकांना कंटाळणाऱ्या मुलांपुढे हे उदाहरण मांडून पाहावे.

गणित इतके नेमके असूनही लेकीचा वाटा पुष्कळदा कागदावरच राहतो. माहेर तुटेल या भयाने ती हक्कसोडपत्रावर सही करते. यात हिंदू-मुसलमान असा भेद आम्हांस बेळगाव परिसरात दिसला नाही. बापाच्या हयातीत लिहून घेतलेल्या अशा सोडपत्रास स्वतःचे बळ नसते, कारण हक्कच मुळी त्याच्या मृत्यूनंतर उद्भवतो. तथापि तिने मोबदला घेतला असेल, तर पुढे वाटा मागण्यास तिला अडसर येऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली ठरविले आहे.

मनाला खरे जड वाटते ते निराळेच. बापाच्या आधी एखादा मुलगा वारला आणि मागून बाप गेला, तर हयात मुलगे वारस होतात व त्या दुर्दैवी मुलाच्या पोरांना आजोबांच्या मिळकतीत काहीच मिळत नाही. ईजिप्तने १९४६ साली व पाकिस्तानने १९६१ साली कायदा करून या पोरांची सोय लावली; भारतात तशी तरतूद झालेली नाही. उपाय आजोबांच्याच हाती आहे. असा नातू वारस नसल्याने त्यास तृतीयांशापर्यंत मृत्युपत्राने देण्यास इतरांच्या संमतीची गरज नाही; किंवा ‘हिबा’ म्हणजे बक्षीस करून हयातीतच कब्जा द्यावा. कब्जा न देता केलेला नुसता कागद टिकत नाही. ज्या घरावर असा घाला पडला आहे तेथील वडीलधाऱ्यांनी हे काम पुढील ईदवर ढकलू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

मौज अशी, की चोर्ला घाट उतरून गोव्यात गेले की चित्र पालटते. १९३७ चा शरियत अधिनियम तेथे लागू नाही. पोर्तुगीज आमदानीतून आलेला व आता गोव्याच्या २०१२ च्या अधिनियमात आणलेला वारसा कायदा सर्वधर्मीयांस एकच आहे. त्यात मुलगा-मुलगी समान, आणि आधी वारलेल्या मुलाची मुले त्याच्या जागी उभी राहतात. म्हणून ज्या घरांची सोयरीक घाटाच्या दोन्ही अंगांस आहे, त्यांनी वाटणीस बसण्यापूर्वी मयतास कोणता कायदा लागू होता हे जाणत्या वकिलाकडून विचारून घ्यावे. आणि शेतजमीन असेल तर त्या राज्याचा जमीन-कायदाही पाहावा, कारण १९३७ च्या अधिनियमाने तिला मुळातच बाजूस ठेवले आहे.