माळवदाच्या घरातील वायफाय

केजसारख्या तालुक्याच्या गावी घरचे इंटरनेट मंदावले की तक्रार बहुधा एकाच वाक्यात येते, "शंभरचा प्लॅन हाय, रेंज फुल्ल दावतीय, पन नेट चालंना". आणि या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते, हे दुरुस्तीला येणाऱ्या तंत्रज्ञाचे काम जवळून पाहिल्यावर ध्यानात येते. शंभर हा आकडा काचतंतूच्या तारेतून राउटरपर्यंत येणाऱ्या वेगाचा, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटचा असतो. आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने फाइल उतरवताना फार तर साडेबारा मेगाबाइट दिसतात आणि ग्राहकाला विनाकारण फसवणुकीची शंका येते. 'रेंज' मात्र राउटर ते संगणक एवढ्याच अंतरातील लहरींची ताकद दाखवते, आणि बाहेरून येणारी तार तुटली असली तरी ती 'फुल्ल'च दिसू शकते.

राउटर बंद करून चालू करणे, पासवर्ड पाहणे ही नित्याची कामे तंत्रज्ञ बोलता बोलता उरकतो. त्याचे खरे कसब त्यानंतर दिसते: पिशवीतून लॅन केबल काढून तो राउटरला आपला लॅपटॉप थेट जोडतो, आणि वेगचाचणीचा आकडा ९४ च्या आसपास स्थिरावला की कंपनीची तार निर्दोष ठरते, कारण १०० मेगाबिटच्या जोडणीत थोडा वाटा माहितीच्या प्रत्येक तुकड्यावरील पत्त्यात खर्च होतो. मग केबल काढून तोच लॅपटॉप तो माजघरात संगणकाशेजारी नेतो, आणि तेथे शंभराचे सहा-सात उरलेले असतात.

मराठवाड्यातील जुन्या माळवदी घरांची, म्हणजे लाकडी सरे टाकून वर मातीचे सपाट छत केलेल्या घरांची, दगडमातीची भिंत दोन-दोन हात जाड असते; उन्हाळ्यात गारवा देणारी हीच भिंत लहरींना गिळते. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अशा भिंतीतून निदान रडतखडत पलीकडे जातो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा अधिक वेगवान असला तरी तो अलीकडेच अडतो. त्यातच राउटर ओसरीत वीजमीटरजवळ टांगलेला आणि वाटेत ज्वारीची पत्र्याची कोठी उभी, जिच्यावर आदळून लहरी परत फिरतात. घर बांधणाऱ्यांचा यात काडीचाही दोष नाही, आणि तंत्रज्ञाचाही नाही. तरी बोलणी त्यालाच खावी लागतात.

संगणकाच्या पाठीमागे खोचलेला डोंगल, म्हणजे वायफाय पकडणारा नखाएवढा तुकडा, हे दुसरे दुखणे. तो लोखंडी डब्याच्या आडोशाला बसतो, आणि शेजारच्या यूएसबी ३.० जोडणीतून निघणारा विद्युत गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. हातभर लांबीची एक्स्टेंशन वायर लावून डोंगल टेबलावर आणला, तर एवढ्यानेही वेग वाढू शकतो.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवान्याविना खुला आहे, आणि दाट वस्तीत आळीतील सारे राउटर त्याच पट्ट्यात बोलत असतात. त्यात तेरा वाहिन्या असल्या तरी एकमेकींवर न चढणाऱ्या तीनच, १, ६ आणि ११. म्हणून मोबाइलवर शेजाऱ्यांच्या वाहिन्या पाहून या तिघींतली मोकळी वाहिनी निवडावी लागते.

एवढे करूनही आकडा वीस-पंचविसाच्या पुढे सरकत नसेल, तर वायफायचा नाद सोडून तार ओढणे हाच उपाय उरतो, आणि पीकविम्याचा किंवा प्रवेशपरीक्षेचा अर्ज शेवटच्या दिवशी भरणाऱ्या घरासाठी तोच सर्वांत भरवशाचा आहे. लॅन केबल १०० मीटरपर्यंत शंभर मेगाबिटचा वेग बिनतक्रार पोहोचवते. मातीच्या भिंतीला ड्रिल लावले तर भोकाभोवतीची माती ढासळते, म्हणून केबल ओसरीतून माळवदावर चढवून सवण्यातून, म्हणजे उजेडासाठी छतात ठेवलेल्या भोकातून, माजघरात उतरवता येते. फक्त पावसाचे पाणी तारेवरून ओघळत आत येऊ नये, यासाठी सवण्याच्या काठाबाहेर तिला खाली लोंबणारा एक झोळ ठेवावा लागतो.