युद्धकालीन प्रेमकथेचे माध्यमांतर : ‘कॅसाब्लांका’ आणि ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’

माध्यमांतरात कलाकृतीचे रूप बदलते, तसा तिचा अर्थही बदलतो. युद्धकाळातील प्रेम व कर्तव्य यांचा संबंध मांडणाऱ्या दोन चित्रपटांच्या आधारे या प्रक्रियेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

‘कॅसाब्लांका’चे मूळ मरे बर्नेट व जोन ॲलिसन यांच्या ‘एव्हरीबडी कम्स टू रिक्स’ या नाटकात आहे. चित्रपटापूर्वी हे नाटक रंगमंचावर आले नव्हते. वॉर्नर ब्रदर्सने त्याचे हक्क २० हजार डॉलरना विकत घेतले. नाटकाचे स्थळ रिकचा कॅफे एवढेच आहे; पटकथेने त्यास पॅरिसमधील पूर्वस्मृती व विमानतळाची जोड दिली. नाटकाच्या अखेरीस रिक जर्मन अधिकाऱ्याच्या स्वाधीन होतो, तर चित्रपटात तो मुक्त राहून लढ्याची बाजू स्वीकारतो. डिसेंबर १९४१ मध्ये युद्धात उतरलेल्या अमेरिकेला एकाकी त्यागापेक्षा सहभागाचा आदर्श अधिक जवळचा होता.

मायकेल कर्टिझ दिग्दर्शित हा चित्रपट २६ नोव्हेंबर १९४२ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रथम दाखविला गेला. त्यानंतर तेरा दिवसांनी, ९ डिसेंबर रोजी, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे चीनमध्ये निधन झाले. काँग्रेसने १९३८ मध्ये पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. तेथील रुग्णालयातील परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये त्यांचा विवाह झाला. ख्वाजा अहमद अब्बास यांनी या जीवनावर पुस्तक लिहिले आणि त्यावरून १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी चित्रपट निर्माण केला. नायकाची भूमिका स्वतः शांताराम यांनी, तर नायिकेची जयश्री यांनी केली.

दोन्ही कथांत प्रेमाला कर्तव्याची कसोटी आहे. परंतु तिचे स्वरूप भिन्न आहे. रिकला कर्तव्यासाठी प्रेयसी सोडावी लागते. कोटणीस यांच्या बाबतीत प्रेम कर्तव्याच्या वाटेवरच भेटते, विवाहात परिणत होते आणि ताटातूट घडविते ती मृत्यूच.

येथे एक सावधगिरी आवश्यक ठरते. प्रत्यक्षात डॉ. कोटणीस यांचा मृत्यू अपस्माराने झाला. चित्रपटात मात्र ते ज्या साथीशी झुंजतात तिलाच बळी पडतात. रिक हे कल्पित पात्र असल्याने त्याचा शेवट बदलण्यास पटकथाकार मोकळे होते. कोटणीस ही ऐतिहासिक व्यक्ती होती. म्हणून अध्यापनात हा चित्रपट चरित्राचा पुरावा म्हणून न वापरता, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील समाजाने आपल्या नायकाची प्रतिमा कशी घडविली, याचा दस्तऐवज म्हणून अभ्यासणे अधिक उचित होय.