पाहुण्यासारखं जा, सुखरूप परत या!

परीक्षा संपते, इंटर्नशिपचे किंवा शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे खात्यात असतात आणि ग्रुपवर कुणीतरी बँकॉकच्या स्वस्त तिकिटाचा स्क्रीनशॉट टाकतं. दोन दिवसांत ग्रुपचं नाव बदलतं, आठवड्यात तिकीटं निघतात. पहिली फॉरेन ट्रिप, तीही महिनाभराची. थायलंड, मग व्हिएतनाम, शेवटी बाली. सोबत टूर मॅनेजर नाही, राहायचं हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये.

घरचे विचारतात, ‘तिथे काही झालं तर?’ त्यांच्या डोळ्यांसमोर चोर, गुंड, अंधारी गल्ली असते. तशी काळजी घ्यायलाच हवी. पण या भागात अनेक तरुण प्रवासी अडकतात ते साध्यासुध्या वाटणाऱ्या गोष्टींत. भाड्याची स्कूटर, फुकट मिळालेलं ड्रिंक, दुसऱ्याची बॅग, नाहीतर देवळात काढलेला एखादा फोटो. ‘सेफ्टी’ आणि ‘तिथल्या रीतीभाती’ हे दोन वेगळे धडे वाटतात, पण प्रत्यक्ष प्रवासात ते एकमेकांत मिसळलेले असतात. आजूबाजूची माणसं कशी वागतात हे जो नीट बघतो, तो सहसा अडचणीत येत नाही. अडचणीत आलाच, तर मदतीला माणसंही मिळतात.

ओळखीचं वाटतं, तिथेच गडबड

थायलंडमध्ये उतरलात की पहिल्यांदा दिसेल तो नमस्कार. हात जोडून, मान किंचित झुकवून. त्याला ‘वाई’ म्हणतात. लहानानं मोठ्याला आधी करायचा आणि समोरच्यानं केला तर परत करायचा. सोबत मुलांनी ‘सवातदी ख्राप’ म्हणायचं, मुलींनी ‘सवातदी खा’. बालीत तर ‘ओम स्वस्तिअस्तु’ ऐकू येतं. ते कानावर पडलं की वाटतं, अरे, हे तर आपलंच!

पण सगळंच आपल्यासारखं नसतं. कुणाला चुकून पाय लागला तर आपण लगेच हात लावून नमस्कार करतो. थायलंडमध्ये पायाबद्दलची ही भावना आणखी तीव्र आहे. बुद्धमूर्तीकडे किंवा माणसाकडे तळवे करून बसणं उद्धटपणाचं समजतात. म्हणून देवळात मांडी घाला किंवा पाय मागे दुमडून बसा. डोकं हा शरीराचा सर्वांत पवित्र भाग, त्यामुळे लहान मूल कितीही गोड असलं तरी त्याच्या डोक्यावरून हात फिरवू नका. आपल्याकडे तो आशीर्वाद असतो, तिथे आगाऊपणा ठरू शकतो. मुलींनी बौद्ध भिक्खूंना स्पर्श करायचा नाही, त्यांच्या हातात थेट वस्तू द्यायची नाही आणि बसमध्ये त्यांच्या शेजारी बसायचं नाही.

बँकॉकच्या ग्रँड पॅलेसमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर गेटवरूनच परत पाठवतात. बालीच्या देवळात कमरेला सरोंग आणि पट्टा बांधावा लागतो. बॅगेत एक ओढणी किंवा पातळ लुंगी ठेवलीत की दोन्हीकडचा प्रश्न सुटतो. बालीच्या फुटपाथवर, दुकानाच्या उंबऱ्यावर नारळाच्या पानांच्या छोट्या द्रोणांत फुलं ठेवलेली दिसतील. तो कचरा नाही, देवाला वाहिलेला नैवेद्य आहे. त्यावर पाय देऊ नका.

बालीतल्या अनेक देवळांबाहेर एक पाटी असते, पाळी सुरू असलेल्या स्त्रियांनी आत येऊ नये. हे वाचून तुमच्यापैकी अनेकींना राग येईल आणि तो साहजिक आहे. २०१६ मध्ये शनिशिंगणापूरचा चौथरा महिलांना खुला झाला, तो वाद आपण इथे पाहिलाय. पण तो लढा इथल्या बायकांनी लढला. दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला तिथल्या गेटवर तो लढायचा अधिकार कितपत आहे, हा विचार करून बघा. एखादी रीत पाळणं म्हणजे ती पटणं नव्हे. पटत नसेल तर आत न जाण्याचा पर्याय आपल्याकडे असतोच.

आणि हो, मार्चमध्ये बालीला जाणार असाल तर ‘न्येपी’ची तारीख बघूनच तिकीट काढा. हे बालीचं शक कालगणनेनुसार येणारं नवं वर्ष. आपल्या गुढीपाडव्याचीही तीच कालगणना, २०२३ मध्ये तर दोन्ही सण एकाच दिवशी आले होते. फरक एवढाच की आपण शोभायात्रा काढतो आणि ते पूर्ण शांत बसतात. चोवीस तास विमानतळ बंद, रस्ते ओस, दिवे मंद. पर्यटकांनाही हॉटेलबाहेर पडता येत नाही. आदल्या दिवशी खाऊ-पाणी घेऊन ठेवलंत तर हा दिवस सुंदर जातो.

रीत कुठे संपते, कायदा कुठे सुरू होतो

काही गोष्टी फक्त वाईट दिसत नाहीत, तुरुंगातही नेतात. थायलंडमध्ये राजा-राणीचा अपमान हा फौजदारी गुन्हा आहे. दंडसंहितेच्या कलम ११२ नुसार प्रत्येक गुन्ह्याला ३ ते १५ वर्षांची शिक्षा होऊ शकते. राजाचं चित्र नोटेवरही असतं, म्हणून वाऱ्यानं उडालेली नोट पायानं अडवू नका. सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ वाजता स्टेशनांत, बागांत राष्ट्रगीत लागतं तेव्हा सगळे जागच्या जागी थांबतात. तुम्हीही थांबा. थिएटरात राष्ट्रगीताला उभं राहायची आपल्याला सवय आहेच.

व्हेप किंवा ई-सिगारेट थायलंड आणि सिंगापूर दोन्हीकडे बेकायदा आहे. बँकॉकच्या रस्त्यावर ती विकायला दिसली तरी पकडला जाणार तुम्हीच. थायलंडमध्ये दारू पिण्याचं कायदेशीर वय २० आहे, म्हणजे सेकंड इयरचे बरेचजण त्यात बसत नाहीत.

गांजाबद्दल तर नीट ऐका. थायलंडनं २०२२ मध्ये त्यावरची बंदी उठवली होती, पण जून २०२५ पासून तो डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. याहून मोठा धोका परतीच्या विमानात आहे. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांकडून मुंबई विमानतळावर ‘हायड्रोपोनिक’ गांजा पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. ‘फक्त बॅग पोहोचव, तिकिटाचे पैसे आम्ही देऊ’ अशी ऑफर आली तर तिथेच संवाद थांबवा. व्यावसायिक प्रमाणात माल सापडला तर आपल्या एनडीपीएस कायद्यात १० ते २० वर्षांची शिक्षा आहे. बॅग दुसऱ्याची होती, हे सिद्ध करता करता तारुण्य निघून जातं.

डब्यातल्या खाऊकडेही लक्ष असू द्या. आईनं प्रेमानं दिलेल्या अनारशांवर खसखस असते आणि सिंगापूर किंवा दुबईत खसखस नेणं गुन्हा ठरू शकतं. गुटखा तर सिंगापूरमध्ये बंदच आहे. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट ठेवा. खोकल्याची काही औषधं आणि झोपेच्या गोळ्यांवर अनेक देशांत निर्बंध आहेत.

स्कूटरचा मोह

फुकेत, पाई, बाली. रील्समध्ये सगळे स्कूटरवर असतात, बहुतेक वेळा हेल्मेट न घालता. रील्समध्ये हॉस्पिटलचं बिल दिसत नाही. थायलंडमध्ये रस्ते अपघातांत मरणाऱ्यांत दुचाकीवरच्यांचं प्रमाण सर्वांत मोठं आहे.

स्कूटर चालवायचीच असेल तर आधी आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा. ते एक वर्ष चालतं. तुमच्या भारतीय लायसन्सवर दुचाकीची नोंद हवी. नुसतं कारचं लायसन्स असून उपयोग नाही. आपलं परमिट थायलंडमध्ये चालतं, पण व्हिएतनाममध्ये नाही, कारण दोन्ही देशांनी वेगवेगळे आंतरराष्ट्रीय करार स्वीकारलेत. शिवाय व्हिएतनाममध्ये वाहनं रस्त्याच्या उजवीकडून चालतात, सिग्नलला वळताना आपला मेंदू गोंधळतो.

वैध परवाना नसेल तर बहुतेक ट्रॅव्हल इन्शुरन्स कंपन्या अपघाताचा क्लेम नाकारतात. म्हणजे दुकानदारानं लायसन्स न बघता गाडी दिली, तरी खर्च तुमच्याच घरच्यांवर येतो. पॉलिसी घेताना दुचाकीबद्दलचं कलम शोधून वाचा. आणि स्कूटरसाठी पासपोर्ट गहाण ठेवू नका. डिपॉझिट रोख द्या, झेरॉक्स द्या. गाडी घेण्याआधी तिच्यावरच्या प्रत्येक ओरखड्याचा व्हिडिओ काढा. नाहीतर परत करताना जुन्या ओरखड्याचे पैसे तुमच्याकडून वसूल होतील आणि पासपोर्ट त्यांच्या ड्रॉवरमध्ये असेल.

‘फ्री’ दिसलं की थांबा

नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधल्या वांग व्हिएंग या बॅकपॅकर्सच्या आवडत्या गावात मिथेनॉलमिश्रित दारूमुळे सहा परदेशी पर्यटक मेले. त्यांतल्या काहीजणी अगदी तुमच्या वयाच्या होत्या. मिथेनॉल चवीवरून ओळखता येत नाही. म्हणून फुकटचे शॉट्स, बादलीतलं कॉकटेल, लेबल नसलेली बाटली यांना नाही म्हणा. दुसऱ्या दिवशी धूसर दिसायला लागलं, श्वास लागला तर ‘हँगओव्हर असेल’ म्हणून झोपू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

दुसरी ‘फ्री’ गोष्ट म्हणजे नोकरी. ‘थायलंडमध्ये डेटा एन्ट्री, पगार डॉलरमध्ये, तिकीट आमचं.’ या जाहिरातींना भुलून गेलेल्या भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमधल्या मायावाडी भागात नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलं गेलं. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून अधिक भारतीयांना थायलंडच्या माए सोटमार्गे विमानानं परत आणावं लागलं. त्यांना इंग्रजी येत होतं, कॉम्प्युटर येत होता. म्हणजे सापळा आपल्यासारख्यांसाठीच लावला होता. टूरिस्ट म्हणून जाऊन नोकरी करता येत नाही, एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुरे.

छोट्या फसवणुकीही आहेतच. ‘ग्रँड पॅलेस आज बंद आहे, मी दुसरं देऊळ दाखवतो’ म्हणणारा टुकटुकवाला तुम्हाला रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात नेऊन सोडतो. गेटपर्यंत स्वतः जाऊन बघा. आणि फसवलं गेलात तरी रस्त्यात आरडाओरडा करू नका. चारचौघांत आवाज चढवणाऱ्याची तिथे किंमत जाते आणि मदत करू पाहणारेही मागे सरतात. शांतपणे टूरिस्ट पोलिसांना फोन लावा, ते जास्त परिणामकारक असतं.

कॅमेरा, आवाज आणि नजर

हे जरा कडू आहे. बीचवर अनोळखी मुलींचे फोटो काढणं, त्यांच्यासोबत सेल्फीचा आग्रह धरणं यामुळे भारतीय मुलांच्या ग्रुप्सची प्रतिमा अनेक ठिकाणी खराब झाली आहे. विचारल्याशिवाय फोटो नाही, हा नियम भिक्खू, बाजारातल्या आजी आणि बीचवरची मुलगी सगळ्यांना सारखाच लागू. डॉर्ममध्ये रात्री स्पीकरवर गाणी नकोत, घरी व्हिडिओ कॉल बाहेर जाऊन करा. २०२२ मध्ये बालीतल्या एका पवित्र झाडापाशी विवस्त्र फोटो काढणाऱ्या रशियन इन्फ्लुएन्सरला देशाबाहेर काढलं होतं. लाइक्स मिळाले असतील, पण ट्रिप संपली.

एकट्या जाणाऱ्या मुलींनी चोवीस तास रिसेप्शन असलेलं हॉस्टेल बघावं, पोहोचण्याची वेळ दिवसाची ठेवावी आणि रात्री ‘ग्रॅब’सारख्या ॲपवरूनच गाडी बोलवावी. लाइव्ह लोकेशन घरी एका व्यक्तीला आणि ट्रिपमधल्या एकीला द्या. इन्स्टावर हॉटेलचं नाव टाकायचं असेल तर ते सोडल्यावर टाका.

शाकाहारींसाठी दोन शब्द: थायलंडमध्ये ‘जे’ आणि व्हिएतनाममध्ये ‘चाय’. हो, व्हिएतनाममध्ये ‘चाय’ म्हणजे चहा नाही, शाकाहारी जेवण! भाज्यांतही फिश सॉस असतो, त्यामुळे हे शब्द कामाला येतात.

निघण्याआधी

• पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने हवी. त्याची झेरॉक्स वेगळ्या बॅगेत, स्कॅन ईमेलवर.
• व्हिसाचे नियम बदलत असतात. रील बघून नाही, त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर खात्री करा. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड मोफत असतं, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका.
• सीमाभागातल्या बातम्या वाचा. जुलै २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडिया यांच्यात चकमकी झाल्या आणि रस्त्यानं जाण्याचे मार्ग बंद झाले.
• भारतीय सिम चालू ठेवा, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. दोन कार्डं दोन ठिकाणी.
• थायलंड: टूरिस्ट पोलीस ११५५, रुग्णवाहिका १६६९. व्हिएतनाम: पोलीस ११३, रुग्णवाहिका ११५. इंडोनेशिया: ११२.
• पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. भारतात परतण्यासाठी तिथे इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. बँकॉक आणि हनोईत आपला दूतावास आहे. चिआंग माई, हो ची मिन्ह सिटी आणि बालीत वाणिज्य दूतावास आहेत.

एवढं वाचून घाबरायचं कारण नाही. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आपण चपला कुठे काढल्यात ते बघतो, यजमान बसल्यावर बसतो, काही कळलं नाही तर विचारतो. हे शिकवायला कुणी क्लास लावला नव्हता. तेच सोबत न्या, हेल्मेट घाला आणि खुशाल निघा.